आधी तारखा तपासा

प्रश्न : भाचा इंग्लंडमध्ये हरणांच्या शिकारीच्या ‘डीएससी (डियर स्टॉकिंग सर्टिफिकेट) लेव्हल १’ परीक्षेला बसतोय. मित्रांना देण्याआधी त्याने टिपणं मला तपासायला पाठवलीत. शुद्धलेखनाशिवाय काय पाहू? – एक वाचक, बोरिवली

उत्तर : ताई, आधी शिकारीच्या हंगामाच्या तारखा. इंग्लंडात रो हरणाच्या नराचा हंगाम १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर, मादीचा १ नोव्हेंबर ते ३१ मार्च. पाडसं मे-जूनमध्ये जन्मतात. टिपणांत नर-मादीच्या ओळी उलटल्या तर आया मारल्या जाऊन ती पोरकी होतील! स्कॉटलंडने नरांचा बंदीकाळ २०२३मध्ये उठवला, म्हणून प्रत्येक तारखेपुढे देश हवाच. मुंटजॅक या छोट्या हरणाला बंदीकाळ नाही. त्याच्या तारखांचा रकाना रिकामा न ठेवता ‘वर्षभर’ लिहायला सांगा. (आपल्या नॅशनल पार्कातलं भेकर त्याच कुळातलं, पण इथे त्याची शिकार गुन्हा.) शेवटी, तपासल्याची तारीख पहिल्याच पानावर टाका.