स्तोत्र तेरावं, चौथ्या वचनापर्यंत

"मॅडम, देवापुढे रडगाणं गाणं म्हणजे अविश्वासच ना?" शीलाताईंनी (नाव बदललं आहे) खुर्चीत नीट टेकायच्या आधीच विचारलं. संकटात असलेले श्रद्धाळू लोक हा प्रश्न मला फार वेळा विचारतात.

ताई भायखळ्याच्या चाळीत राहतात. नवऱ्याचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. घरी त्याचं पाणीसुद्धा मोजून. स्टीलच्या पेल्यावर त्यांनी मार्करने रेघ मारून ठेवली होती. "तो त्या रेघेकडे बघतो ना, मला बघवत नाही," एवढं म्हणून त्या गप्प झाल्या. चर्चच्या मंडळीतल्या बायका भेटल्या की म्हणायच्या, विश्वास ठेव, बायबलातलं तेविसावं स्तोत्र म्हण. लॅमिनेट केलेलं ते स्तोत्र त्यांच्या पर्समध्येच होतं, पण दोन महिने त्यांना ते म्हणवलं नव्हतं. देव मेंढपाळासारखा हिरव्या कुरणात नेतो, ही त्यातली ओळ आली की राग यायचा आणि रागाची पुन्हा लाज वाटायची.

झोप, भूक, जीव नकोसा होतो का, हे मी आधी स्पष्टच विचारलं. तसं काही असतं तर त्यांना त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तुमच्या घरात कुणाचं असं होत असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर जवळ ठेवा. स्तोत्रं औषधाच्या जागी नसतात.

मग बायबल उघडून तेरावं स्तोत्र त्यांच्यापुढे ठेवलं. जेमतेम सहा वचनांचं. पहिल्या दोनच वचनांत 'कुठवर?' हा प्रश्न चार वेळा येतो. कुठवर मला विसरणार, कुठवर तोंड लपवणार, असं देवालाच विचारलेलं आहे. त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचलं. "हे असं बायबलात आहे?"

आहे. दीडशे स्तोत्रांमध्ये विलापाची स्तोत्रं इतर कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर काळोखातच संपतं, आशेच्या ओळीवर येतच नाही, आणि तरीही ते काढून टाकावं असं कुणाला वाटलं नाही. 'माझ्या देवा, तू मला का सोडलंस?' हा बाविसाव्या स्तोत्रातला टाहो येशूने वधस्तंभावर फोडला. आपले तुकोबाही विठोबाशी भांडलेच की. जो कुणी ऐकतच नाही असं वाटतं, त्याच्याशी माणूस भांडेल कशाला? मला तर या भांडणात मोठा विश्वास दिसतो. धीर द्यायच्या घाईत आपण दुःखी माणसाचं तोंड बंद करतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शेवटच्या दोन वचनांपाशी ताई अडल्या. तिथे सूर भरवशाकडे वळतो. "हे खोटं खोटं नाही म्हणवत मला."

"मग चौथ्यापाशी थांबा," मी म्हटलं. "पुढचं तिथेच आहे, कुठे जात नाही."

तीन आठवड्यांनी त्या आल्या. डायलिसिस चालूच होतं, पैशांची ओढाताणही तशीच. एका रात्री नवरा झोपलाय असं समजून त्या हळू आवाजात 'कुठवर' म्हणत होत्या. अंधारातून त्याचा आवाज आला, "मोठ्याने वाच, मलापण म्हणायचंय." इतके महिने तोही बायकोपुढे हसरा चेहरा करून वावरत होता. त्या रात्री दोघं चौथ्या वचनापर्यंत म्हणाले आणि मग बराच वेळ रडले.