उत्तरेत बर्फवृष्टीचा इशारा आहे, मग नाशिकला पण बर्फ पडेल का? निफाडचे पांढऱ्या पानांचे फोटो फिरतायत ते खरे आहेत का?

फोटो खरे असू शकतात, पण तो बर्फ वरून पडलेला नसतो, तिथल्या तिथे झालेला असतो. निफाडकडं पारा ५ च्या खाली गेला की पहाटे गवतावरचं, पानांवरचं, गाडीच्या टपावरचं दव गोठतं. हवेचं तापमान शून्याच्या वर असलं तरी होतं हे, कारण तापमापक जमिनीपासून चार-पाच फूट वर असतो आणि निरभ्र रात्री जमिनीलगत त्याहून जास्त गार पडतं, त्यात निफाडचा बराच भाग गोदावरी-कादवा नद्यांच्या खोलगटात, सगळी गार हवा तिकडंच जाऊन बसते.

आता काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडमध्ये जो बर्फ पडतो तो पश्चिमी झंझावातामुळे, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या पावसाळी हवेच्या पट्ट्यामुळे. भूमध्य समुद्राकडून निघून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत तो इकडं येतो, ओलावा घेऊन हिमालयाला धडकतो, मग वर बर्फ आणि खाली पंजाब-हरियाणात पाऊस. आपल्याकडं त्यातून आलेच तर ढग येतात, आणि ढग म्हणजे गोधडीच, रात्रीची ऊब बाहेर जाऊ देत नाहीत, त्यामुळे टीव्हीवर मनालीचा बर्फ दाखवत असतात तेव्हा नाशिकमध्ये कधीकधी उलट उकडतं! झंझावात पुढं सरकला, आकाश मोकळं झालं, उत्तरेचा कोरडा वारा सुटला की मग एक-दोन दिवसांत इथं हुडहुडी. म्हणजे थंडी असते तेव्हा ढग नाहीत आणि ढग असतात तेव्हा थंडी नाही. बर्फाला दोन्ही एकदम लागतात, म्हणून नाशिकला बर्फ विसरा.

गारा पडतात त्या वेगळ्या, त्या गडगडाटी ढगातल्या. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड भागात पडल्या तेव्हा पण लोकांनी 'नाशिकचं काश्मीर झालं' म्हणून व्हिडिओ टाकले, ज्याची बाग झोडपली गेली त्याला काय वाटलं असेल ते जाऊ द्या.

आमच्या नात्यात बरेच द्राक्षवाले आहेत, त्यांना बर्फाची बातमी म्हणजे पुढच्या आठवड्याचं टेन्शन. पारा फार उतरला की तयार होत आलेले मणी तडकतात, साखर भरायची थांबते, भुरी (वेलीवरची पांढरी बुरशी) वाढते, मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवा, ड्रिपने पाणी सोडा हे चालू. शेजारच्या बांधावरचा गहू-हरभरावाला मात्र त्याच थंडीवर खुश असतो.

तुम्हाला फक्त कपाटातून स्वेटर कधी बाहेर काढायचा एवढंच बघायचं असेल तर बर्फाच्या तारखेपेक्षा हवामान खात्याचा किमान तापमानाचा अंदाज बघा. मैदानी भागात किमान १० किंवा कमी आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी खाली गेलं की ते थंडीची लाट म्हणतात. आणि उत्तरेतून कोणी रेल्वेने येणार असेल तर नाशिकरोडला न्यायला जायच्या आधी गाडी कुठं आहे ते मोबाईलवर बघून घ्या, तिकडच्या धुक्यात गाड्या तासनतास लेट होतात.