सप्तशृंग गड, मोजक्या खर्चात

चैत्र जवळ आला की खान्देशातून गडाबद्दल विचारणा सुरू होते. सप्तशृंगीचं माहेर खान्देश मानलं जातं, त्यामुळे चैत्रोत्सवात आपलीच माणसं सर्वाधिक असतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार घेतली आहेत.

घरचे सहा जण आहोत : मी, पत्नी, वडील (७७), आई (७०), मुलगा (९) आणि मुलगी (४). कुलाचारासाठी गडावर जायचंय. जीप भाड्याने करू की एसटीने जाऊ? – वाचक, पारोळा

एसटीनेच जा. तुमचं तिकीट असं पडेल : तुमचं पूर्ण एक. पत्नीचं अर्धं, कारण मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं भाडं आहे. आईचंही अर्धंच. त्या ज्येष्ठही आहेत आणि महिलाही, पण दोन सवलती एकावर एक मिळत नाहीत. वडील पंचाहत्तरीच्या पुढचे, त्यांना तिकीटच नाही. मुलगा पाच ते बारा वर्षांतला, म्हणून अर्धं. मुलगी लहान, तिला तिकीट नाही. सहा माणसं मिळून अडीच तिकिटं. जीप कितीही घासाघीस करून ठरवली तरी या हिशेबाला पुरी पडणार नाही. वडिलांचं आधार कार्ड मात्र वरच्या खिशात ठेवा. ते बॅगेच्या तळाशी राहतं आणि वाहक समोर उभा असताना सापडत नाही.

जीपचा आणखी एक तोटा आहे. चैत्रोत्सवात आणि नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात. पुढचा सुमारे दहा किलोमीटरचा घाट एसटीनेच चढावा लागतो. म्हणजे जीपचं भाडं द्यायचं आणि वर एसटीचं तिकीटही काढायचं.

धुळे, मालेगाव, सटाणा, कळवण, नांदुरी असा रस्ता धरा. धुळ्याहून थेट गडाची बस मिळाली तर उत्तम, नाहीतर मालेगाव किंवा कळवणला बदला. बोलताना आपण ‘वणीची देवी’ म्हणतो, म्हणून काही जण वणीचं तिकीट काढतात. वणी गाव दिंडोरी तालुक्यात आहे, गड कळवण तालुक्यात. वणीला उतरलात तर गड बराच लांब राहतो आणि तिथून पुन्हा गाडी शोधावी लागते. तिकीट ‘सप्तशृंगी गड’ असंच मागा.

खर्च खरा वाढतो तो चुकीचा दिवस निवडल्याने. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा टाळा. बुधवारी किंवा गुरुवारी दुपारपर्यंत वर पोचलात तर ट्रस्टच्या भक्तनिवासात खोली मिळण्याची शक्यता चांगली असते. गर्दीच्या दिवशी तीच खोली मिळत नाही आणि बाहेर सांगतील तो दर द्यावा लागतो. संध्याकाळी एकदा आणि पहाटे एकदा दर्शन घ्या, जेवण ट्रस्टच्या प्रसादालयात करा, आणि सकाळच्या बसने खाली उतरा. कुलाचार यात्रेतच व्हायला हवा असं नाही. घरात म्हातारी माणसं असतील तर यात्रेबाहेरचाच दिवस घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ओटी आणि शिदोरी घरून न्यावी का? – वाचक, अमळनेर

दोन्ही न्या. खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू, सुपारी, हळकुंड घरूनच बांधून घ्या. पायऱ्यांजवळ ‘चपला इथे ठेवा’ म्हणून बोलावतात आणि मग ओटीचं ताट हातात देतात. ताट घ्यायचं नसेल तर चपला ठेवण्याआधीच तसं सांगा. देवीला नेसवलं जाणारं महावस्त्र अकरा वारी असतं. मूर्ती आठ फुटांहून उंच आणि अठरा हातांची आहे, तिला नेहमीची साडी पुरत नाही. म्हणून ओटीत साधी साडी किंवा नुसता खण दिला तरी काही उणं नाही.

शिदोरीला दशम्या. एक किलो कणकेला अर्धा लिटरच्या आसपास दूध लागतं, अठरा-वीस दशम्या होतात. पाण्याचा हात अजिबात लावू नका, पाणी लागलं की दुसऱ्या दिवशी बुरशी धरते. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफ धरली की वास येतो. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी घ्या. ओल्या मिरचीचा ठेचा पहिल्याच जेवणात संपवा.

आम्ही सात-आठ मित्र धुळ्यापासून पायी जाणार आहोत. पहिलीच वेळ. – वाचक, शिरपूर

धुळे, मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी हा नेहमीचा पायी मार्ग. अंतर एकशे तीस किलोमीटरच्या आसपास धरा आणि पाच दिवस ठेवा. चार दिवसांत उरकायला गेलं की तिसऱ्या दिवशी कोणाचा तरी पाय जातो आणि मग सगळेच थांबतात.

पहाटे साडेतीनला निघा, नऊला सावलीत बसा. तासाला चार किलोमीटर धरले तरी वीसेक किलोमीटर तेवढ्यातच होतात. उरलेले सहा-सात संध्याकाळी पाचनंतर. चैत्रात दुपारी चालू नये. डोकं गरगरलं, मळमळलं किंवा पोटऱ्यांत गोळे आले तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा) घालून घोट-घोट प्या. अंग तापलंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय असं दिसलं तर ओल्या कपड्यांनी अंग पुसत थेट दवाखाना गाठा, वाट पाहू नका.

नवे बूट नकोत. दोन महिने वापरलेले घ्या, सुती मोज्यांचे तीन जोड ठेवा आणि मोजा ओला झाला की बदला. फोड ओल्या मोज्याने येतात. आलेल्या फोडाची कातडी ओढू नका, चिकटपट्टी लावा. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर ऊन डांबरावर येईपर्यंतच अनवाणी चाला. मधुमेह असलेल्याने ते करूच नये, कारण पायाला भाजलेलं त्याला कळत नाही.

धुळे ते मालेगाव हा मुंबई-आग्रा महामार्ग आहे. सगळ्यात जपायचं ते इथे. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेने, एका रांगेत चाला. पहाटे पहिल्या आणि शेवटच्या माणसाकडे विजेरी हवी, पाठीवर चमकणारी पट्टी हवी. कानात इअरफोन नको.

चतुर्दशीच्या रात्री शिखरावर दरेगावच्या गवळी घराण्याच्या मानाचा कीर्तिध्वज लागतो, म्हणून बहुतेक दिंड्या त्याच दिवशी पोचतात. ध्वज पाहायचा असेल तर तेच गाठा. शांत दर्शन हवं असेल तर रामनवमीच्या आगेमागे पोचेल असं निघा.

आईचे गुडघे दुखतात. ट्रॉलीने जमेल का? आम्हाला रेल्वेही जवळ आहे. – वाचक, चाळीसगाव

जमेल. फ्युनिक्युलर ट्रॉली २०१८ पासून सुरू आहे आणि सुमारे पाचशे पायऱ्या वाचवते. पण ती गडावरच्या गावातून निघते, नांदुरीहून नाही; घाट बसनेच चढायचा. पैसे वाचवायचे म्हणून ‘चढताना ट्रॉली, उतरताना पायऱ्या’ असं आईंच्या बाबतीत करू नका, गुडघ्याला उतरणं जास्त जड जातं. तुम्ही पायऱ्यांनी जा आणि आईंसोबत एकालाच ट्रॉलीत बसवा.

रेल्वेने नाशिकरोडला उतरून पुढे एसटीने साठ-पासष्ट किलोमीटर जाता येतं. मात्र रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे. एकटा पुरुष असेल तर रेल्वे स्वस्त. आईंसोबत सामान घेऊन स्टेशनावरून बसस्थानकावर जायला रिक्षा करावी लागेल, तो खर्च धरून मगच ठरवा.