मुलाचे घोरणे आणि रात्रभराची तपासणी

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. तो रोज घोरतो, तोंड उघडे ठेवून झोपतो आणि मधेच श्वास अडून दचकतो. सासूबाई म्हणतात, गाढ झोपतो म्हणून घोरतो. डॉक्टरांनी टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेआधी रात्रभराची ‘स्लीप स्टडी’ सांगितली आहे. एवढ्या वायरी लावून तो झोपेल का? गुंगीचे औषध देतात का?
– एक आई, सातारा

उत्तर : रोजचे घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण नव्हे. या वयात टॉन्सिल आणि नाकामागच्या अ‍ॅडेनॉइड गाठी घशाच्या मानाने मोठ्या असतात. झोपेत स्नायू सैल पडले की वाट अरुंद होते, श्वास अडतो आणि मेंदू क्षणभर जागा होतो. मुलाला सकाळी यातले काही आठवत नाही, पण झोप रात्रभर तुटत राहते. अशी मुले दिवसा पेंगतातच असे नाही. पुष्कळदा ती चिडचिडी आणि चंचल होतात, आणि घरी त्यांना उगाच बोलणी बसतात, याचे मला फार वाईट वाटते.

या तपासणीत सुई टोचत नाहीत आणि गुंगीचे औषधही सहसा देत नाहीत, कारण नैसर्गिक झोपेतला श्वासच पाहायचा असतो. डोक्यावर, डोळ्यांशेजारी व हनुवटीवर लहान चकत्या चिकटवतात, छाती-पोटाभोवती मऊ पट्टे बांधतात, नाकाशी बारीक नळी ठेवतात आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारा लाल दिव्याचा सेन्सर लावतात. चकत्या लावताना मुले कुरकुरतात, तेव्हा त्याला मांडीवर घेऊन बसा; एकदा डोळा लागला की बहुतेक मुले झोपतात. पालकांपैकी एकाला सोबत राहता येते. त्या दिवशी डोके धुवा, पण तेल लावू नका, नाहीतर चकत्या निसटतात. नेहमीची उशी आणि पांघरूण बरोबर न्या.

अहवाल मुलांच्या निकषांवर वाचला आहे ना, हे आवर्जून विचारा. मोठ्यांमध्ये तासाला पाचपेक्षा कमी वेळा श्वास अडणे सामान्य मानतात. मुलांमध्ये मात्र एकाहून अधिक वेळा अडला तरी दखल घेतात. त्रास तीव्र निघाला, तर शस्त्रक्रियेनंतरची रात्र रुग्णालयात देखरेखीखाली काढावी लागते, म्हणूनच ही तपासणी आधी हवी.

तारीख मिळेपर्यंत पहाटेच्या सुमारास, छातीवरचे पांघरूण बाजूला करून, आवाजासह दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. ओठ निळसर दिसले, तर मात्र तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.