हौदाचं पाणी आठ दिवसांत हिरवं का होतं?

ताई, हिरवं पाणी घालवायला हौदात मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) टाकायचं म्हणताय, ते सगळ्यात आधी बाजूला ठेवा. पुडी आणली असेल तर झाडांच्या कामाला येईल, हौदात टाकू नका.

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: परसात १० बाय ६ फुटांचा सिमेंटचा हौद, अडीच फूट पाणी, त्यात ५ कोई (मोठे वाढणारे रंगीत जपानी मासे) आणि १२ गोल्डफिश. दर आठवड्याला पाणी हिरवं होतं, मग तुम्ही हौद पूर्ण रिकामा करता, भिंती ब्लीचिंग पावडरने घासता, बोअरचं ताजं पाणी भरता. तरी आठव्या दिवशी पुन्हा तेच, आणि दोन मासे गेले. फिल्टर चालू असूनही असं का, हा तुमचा प्रश्न आहे.

कारण तुमच्या हौदातला फिल्टर अजून जन्मालाच आलेला नाही. डबा, स्पंज, पंप म्हणजे फिल्टर नव्हे, तो सांगाडा. खरं काम करतात त्या स्पंजवर आणि भिंतींवर चिकटून राहणारे जिवाणू. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन्ही विषारी, तिसरं त्यामानाने निरुपद्रवी. ही वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही ती दर रविवारी ब्लीचिंगने धुऊन काढताय. मग अमोनिया खायला उरतं कोण? पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ. ऊन आहे, खाद्य आहे, स्पर्धक कुणी नाही. बोअरच्या पाण्यात बहुतेकदा नायट्रेट असतंच, त्यामुळे दर आठवड्याला त्याला ताजी खुराकही मिळते.

आता मोरचुदाबद्दल, कारण ही चूक मी केली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका दुकानदाराने सांगितलं म्हणून चिमूटभर टाकलं. दोन दिवसांत पाणी नितळ झालं, मी खूश. तिसऱ्या दिवशी उजाडताना बघतो तर सगळे मासे वर येऊन आ वासत होते. ११ पैकी ९ गेले. तांबं माशांच्या कल्ल्यांना मारक असतंच आणि मऊ पाण्यात ते जास्त लागतं. माझ्या हौदात नेमकं नुकतंच पावसाचं पाणी पडलेलं होतं. शिवाय एकदम मेलेलं शेवाळ कुजलं आणि कुजताना त्याने पाण्यातला प्राणवायू ओढून घेतला. त्या सकाळची आठवण अजून जात नाही, म्हणून इतकं लिहितोय.

प्राणवायूचं गणित नीट समजून घ्या. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री मात्र माशांसारखंच तेही तो वापरतं. त्यामुळे हिरव्या हौदात सगळ्यात धोक्याची वेळ पहाटेची. दुपारी उलटं होतं: शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि सामू (पाण्याची आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा, पीएच) वर चढतो, कधी ९ पर्यंत. ३० अंश तापमानाला सामू ७ असेल तर अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो. सामू ९ झाला की ४० टक्क्यांहून जास्त असतो. म्हणजे तेवढाच अमोनिया, पण सकाळी चालून जातो आणि दुपारी तीनला जीव घेतो. तुमचे दोन मासे दुपारीच गेले असं लिहिलंय, मला यात नवल वाटत नाही.

आता काय करायचं ते. हौदात साधारण ४२०० लिटर पाणी आहे. दीड तासात एकदा तरी सगळं पाणी फिल्टरमधून गेलं पाहिजे, म्हणजे ताशी जवळपास ३००० लिटर. तुमच्या पंपावर २००० लिहिलंय, आणि तो आकडाही पाणी अजिबात वर न चढवता मोजलेला असतो. चार-पाच फूट चढवलं की तो बराच खाली येतो. फिल्टरच्या तोंडाशी २० लिटरची बादली धरा आणि सेकंद मोजा. २४-२५ सेकंदांत भरायला हवी. मिनिट लागत असेल तर पंप बदलावा लागेल, त्याला पर्याय नाही.

बाजारातल्या छोट्या डब्यापेक्षा २०० लिटरचा निळा ड्रम घ्या. पाणी तळाशी सोडायचं आणि वरून हौदात पडू द्यायचं. गाळ तळाशी बसतो, तिथे एक कॉक लावून आठवड्याला सोडून द्या. ते पाणी झाडांना उत्तम. मध्ये आधी जाड स्पंजचा थर, त्यावर कांद्याच्या जाळीदार पोत्यांत लाव्हा खडे किंवा बायोबॉल्स (जिवाणूंना बसायला केलेले प्लास्टिकचे खाचदार गोळे). माझ्याकडे पहिली कितीतरी वर्षं प्लास्टिक पाइपचे कापलेले तुकडे होते आणि ते झकास चालले, जिवाणूंना फक्त बसायला जागा हवी असते. वरून परतणारं पाणी फूटभर उंचीवरून पडू द्या, हवा मिसळते. स्पंज धुवायचा तो हौदातल्याच पाण्याने, बादलीत पिळून. नळाखाली कधीच नाही, क्लोरीनने वस्ती मरते.

भिंती घासणं बंद. भिंतीवरची मखमलीसारखी हिरवी साय चांगली असते, मासे ती खुडून खातात. लांब तंतूंचं शेवाळ मात्र काठीला गुंडाळून काढत राहा.

पाणी आठवड्याला पाचवा हिस्सा बदला, त्याहून जास्त नाही. खाद्य निम्मं करा. दोन-तीन मिनिटांत संपेल तेवढंच टाकायचं, मासे काठाशी येऊन मागत असले तरी. ते नेहमीच मागतात. आणि खरं सांगू, ४२०० लिटरला ५ कोई जास्तच आहेत. एका कोईला किमान हजार लिटर धरतात, वर तुमच्या १२ गोल्डफिश आहेत. दोन-तीन कोई मोठा हौद असलेल्या कुणाला देता आल्या तर द्या.

उन्हाळ्यात ५० टक्के सावलीची शेडनेट आणि कुंडीतल्या वॉटर लिली, म्हणजे निम्मा पृष्ठभाग झाकला जाईल. जलपर्णीही पोषक द्रव्यं झपाट्याने शोषते. पण जास्त झालेली वाळवून खतात टाका, ओढ्यात किंवा नदीत सोडू नका. आपल्या नद्यांची तिने काय अवस्था केली आहे ते आपण पाहतोच.

यूव्ही (अतिनील किरणांच्या) दिव्याबद्दल विचारलंत. चालतो, १८ वॅट पुरेल. तरंगणाऱ्या हिरव्या पाण्यावर तो गुणकारी, तंतूंच्या शेवाळावर काहीच नाही. फिल्टरमधल्या जिवाणूंना धक्का लागत नाही, ते खड्यांना चिकटलेले असतात. वर्षभराने दिवा पेटलेला दिसला तरी त्याचा जोर गेलेला असतो, बदलावा लागतो. पण आधी फिल्टर बसू द्या, दिवा दीड महिन्याने लावा. नाहीतर शेवाळ जाईल आणि अमोनिया खायला कुणीच उरणार नाही.

वीज जाण्याचा मुद्दा तुम्ही लिहिला नाही, पण तो महत्त्वाचा आहे. चार-पाच तास पंप बंद राहिला तर ड्रममधलं पाणी सडतं. वीज आल्यावर आधी तळाचा कॉक उघडून ते सोडून द्या, मग पंप चालू करा. छोटा हवेचा पंप इन्व्हर्टरवर ठेवता आला तर रात्रीची काळजी मिटते.

पहिले तीन आठवडे पाणी हिरवंच राहील. हौद रिकामा करायचा मोह होईल, करू नका. एक पांढरी बशी दोरीला बांधून पाण्यात सोडा आणि किती इंचांवर दिसेनाशी होते ते दर रविवारी लिहून ठेवा. बादली भरायला किती सेकंद लागले आणि पहाटे मासे वर असतात की तळाशी, हे मला आधी कळवा. पंप किती मोठा घ्यायचा ते त्यावरून ठरवू.