सील दोनदा बदललं, तरी तेल गळतंच

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी ४५ एचपीचा नवा ट्रॅक्टर घेतला. भाताच्या चिखलणीपासून डाव्या मागच्या चाकाच्या आतून तेल गळतंय. शोरूमवाल्यांनी सील (एक्सलवरची तेल अडवणारी रबरी रिंग) दोनदा बदललं. आठ-दहा दिवस बरं असतं, मग पुन्हा रिम तेलकट. सकाळी कोरडं, दोन तास रोटा (रोटाव्हेटर) मारला की थेंब सुरू. दर सोमवारी डिपस्टिक (तेल मापायची पट्टी) पाहून तेलाची भर घालतो. सील डुप्लिकेट असेल का?
— एक शेतकरी, वडगाव मावळ

उत्तर : मला तरी सीलपेक्षा तुमच्या सोमवारचाच संशय येतोय. खरं सांगा, डिपस्टिक पाहताना रोटा वर उचललेला असतो ना? बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल (मागच्या चाकांना फिरवणारे गिअर) आणि रोटा उचलणाऱ्या लिफ्टला तेल एकच असतं. लिफ्ट वर असली की त्यातलं काही सिलिंडरात अडकतं, पट्टीवर कमी दिसतं. तुम्ही लिटरभर ओतता. लिफ्ट खाली आली की हाउसिंग, म्हणजे हे सगळं तेल ज्यात असतं ती पेटी, गळ्यापर्यंत भरलं आणि जास्तीचं तेल सीलमधून बाहेर. शोरूमवाले सील बदलताना तेल मापात भरतात, म्हणून तुमचा सोमवार उजाडेपर्यंत बरं. हडपसरला गॅरेज होतं तेव्हा हा गाढवपणा मीही केलाय. दोन सीलं वाया घालवल्यावर डोक्यात प्रकाश पडला. सपाट जागा, लिफ्ट पूर्ण खाली, इंजिन बंद, दहा मिनिटं थांबून मग पट्टी काढा. जास्त असेल तर काढून टाका.

आता ब्रीदर बघा. तापलेली हवा बाहेर पडायला हाउसिंगवर ही छोटी टोपी असते. चिखलणीचा गाळ तिच्यात वाळून सिमेंट झाला की हवा सीलमधून वाट काढते, येताना तेल घेऊन येते. काम झाल्यावर इंजिन बंद करा, तोंड बाजूला ठेवून तेल भरायचं झाकण हळू सैल करा. फुस्स आवाज आला की समजा ब्रीदर बुजलाय. डिझेलमध्ये धुऊन हवा मारा.

तरीही गळलं तर सील तिसऱ्यांदा बदलताना समोर उभे राहा. सील जिथं घासतं तिथं शाफ्टवरून नख फिरवा. अडकलं तर चर पडलाय, तिथं नुसतं नवं सील टिकणार नाही. एक्सलला सुतळी किंवा गवत गुंडाळलंय का, तेही पाहा.

आणि जॉबकार्डवर (शोरूमच्या कामाच्या पावतीवर) ‘जनरल चेकअप’ लिहू देऊ नका. ‘डाव्या एक्सलची तेलगळती, तिसरी वेळ’ असं लिहून घ्या, शेजारी अवर मीटरचा (ट्रॅक्टर किती तास चालला त्याचा) आकडा, आणि सही करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.