जुन्या काळी भूकंप झाला की लोक काय समजत?

आमच्या जळगावकडे आजीचं उत्तर ठरलेलं होतं, "शेषनागनी कूस बदली, भाऊ." २६ जानेवारी २००१ ला भुजच्या धक्क्याने फडताळातले पितळी डबे खुळखुळले, तेव्हाही तिने आधी देवापुढे दिवा लावला.

पण जुनी माणसं नुसती अंधश्रद्धाळू होती असं मला वाटत नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत चक्क वेगवेगळी मतं नोंदवली आहेत: समुद्रातले अजस्र प्राणी हलतात, पृथ्वी पेलून दमलेले दिग्गज (आठ दिशांचे हत्ती) विसावतात, किंवा वारे एकमेकांवर आदळून जमिनीवर कोसळतात. (तिकडे ॲरिस्टॉटलही जमिनीत कोंडलेल्या वाऱ्यालाच दोष देत होता!)

दैवी कोपाची कल्पना तर अगदी अलीकडेपर्यंत टिकून होती. १९३४ चा बिहारचा भूकंप गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा मानला. टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला.

किल्लारीत १९९३ मध्ये दगडमातीच्या जाड भिंती आणि वरच्या मातीच्या ओझ्याखाली माणसं दबली. आमचंही घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, दर उन्हाळ्यात वर नवी माती पडायची. त्या बातम्यांनंतर गल्लीत मारुतीला नारळ फुटले आणि त्याच आठवड्यात वडिलांनी धाब्यावरची निम्मी माती खाली ओढली.